निळ्या पिसांचा बाण

मैदानामागच्या खोलीत बाण दुरुस्त करणाऱ्या बाईंना सगळेच मावशी म्हणत. बाणाचं टोक घट्ट करायचं, मागची पिसं चिकटवायची, धनुष्याची दोरी बसते ती खाच तपासायची आणि शेवटी दांडी वाकवून कानाशी धरायची. तडा असला तर ती करकरते. असा बाण सुटताना मोडतो आणि धनुष्य धरलेल्या हातात घुसतो. त्यांच्या नवऱ्याचा तळहात त्यानेच निकामी झाला होता, म्हणून त्या डोळ्यांत तेल घालून काम करत.

स्पर्धेच्या दिवशी सख्ख्या भाचीचे बाण तपासताना मध्येच फोन आला. तेवढ्यात भाची बाण घेऊन गेली. फोन ठेवून मावशी आठवू लागल्या. निळ्या पिसांचा बाण कानाशी धरला होता का? काही केल्या आठवेना.

त्या धावतच मैदानावर पोचल्या. भाचीने तोच बाण लावून दोरी हनुवटीपर्यंत ओढली होती.

"थांब! सोडू नकोस!"

पंच खवळले. भाचीने दोरी हळूच सैल केली. "अगं मावशी, सगळ्यांसमोर?"

मावशींनी दांडी दोनदा वाकवली. बाण ठणठणीत होता. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "चुकलं गं माझं."

भाचीने भाता पुढे केला. "आता बाकीचेही बघ. नाहीतर तुझा जीव टांगणीला, आणि मला तो पाठीमागे जाणवत राहणार."

पंचांनी दोन मिनिटं दिली. मावशींनी उरलेले पाचही बाण ऐकले. मग भाचीने सोडलेला पहिला बाण लक्ष्याच्या अगदी कडेला लागला, आणि मावशींनी पुन्हा तिची माफी मागितली.