मैल नव्हता तो

उपकार मानायचे तर पहिलं नाव रामकलीदीदीचं. इथं हिंदी मुलखात, रांझीच्या बाजारात ती मटर विकते. त्या दिवशी तिनं पाटीवर पोतं झाकलं अन् माझ्यासंगं दवाखान्यात आली. ती नसती तर मी तशीच घरी परतली असती.

"पहले नहा-धो के आओ. गले पे मैल जमा है."

डॉक्टर खुर्चीतूनच बोलला. दार उघडं. बाहेर बाकावरच्या बाया हसल्या.

मैल नव्हता. बिब्ब्याचा डाग होता. मानेवर गाठ आली तेव्हा गोंदियाकडून आईनं फोनवर सांगितलं, "बिब्बा घाल, बसून जाईल." आमच्याकडं सुजेवर बिब्ब्याचं तेल लावतात. मी लावलं. कातडी जळून काळी पडली. गाठ तशीच. मग रक्त तपासलं. रिपोर्ट मोबाइलवर आला. मी पाचवीतून शाळा सोडलेली. आकडे वाचता येतात, अर्थ लागत नाही. दोन आकडे जाड काळे होते. जाड म्हणजे खराब, एवढं समजलं. माझी पोरगी गळ्यात हात टाकून झोपते. मी गेली तर ती हात कुठं टाकील?

दवाखान्याच्या पाटीवर डॉक्टरचं मराठी नाव दिसलं म्हणून मी इथं आली. वाटलं, आपला माणूस. माझ्या अगोदरच्या बाईले तो म्हणत होता, "काकू, काळजी करू नका हं." मग त्यानं माझे भांडी घासून फाटलेले हात पाहिले. आडनाव विचारलं. मी सांगितलं. तिथून हिंदी सुरू झाली.

मी स्टुलाकडं सरकली.

"वहीं खड़ी रहो."

रिपोर्ट लांबूनच पाहिला. गाठीले बोटही लावलं नाही. "गोली लिख दी है. चलो, अगला."

मी हात जोडले. सवयच ती.

दारातून रामकलीदीदी कडाडली, "काहे हाथ जोड़ रही है? देखा कहाँ उसने? गाहक तो मटर की फली भी दबा के लेता है. ये तो गर्दन है!"

मी स्टुलावर बसली. मानेवरचा पदर काढला.

"मैल नाही साहेब, जळलं आहे. हात लावून पाहा, मग बोला. तोवर उठत नाही."

"बाहर निकलवाऊँ क्या?"

"काढा. पण त्यासाठीही कोणाले तरी मले हात लावावाच लागंल."

बाकावरच्या बाया उठून दाराशी आल्या. त्यानं हातमोजे घातले. गाठ दाबली. परत दाबली. चेहरा बदलला.

"कब से है ये?" आवाज खाली आला होता. "सुई की जाँच करानी पड़ेगी. जल्दी."

सुई टोचून गाठीतलं थोडं तपासायले नेलं. रिपोर्ट यायचा आहे. पोरगी गळ्यात हात टाकून झोपली की मी जागीच राहते. भेव गेलं नाही, जाणारही नाही. पण यापुढं कोणत्याच डॉक्टरपुढं मी उभ्यानं गाठ दाखवणार नाही. बसीन. तपासल्याबिगर उठणार नाही. हात तर मुळीच जोडणार नाही.

अन् रामकलीदीदी, जगली तर तुझं हे फेडीन. तुह्यावर अशी पाळी आली, तर त्या दारात मी असीन. तुले डॉक्टरपुढं असं लांब उभं राहू देणार नाही.