त्या घरातली वेगळी भांडी

बाबांना कुठंही घेऊन जायचं म्हणजे डोक्याला ताप. आमच्याकडे अमेरिकेत, मॉरिसव्हिलला येऊन त्यांना बरेच महिने झाले होते, परतीचं तिकीट पुढच्या आठवड्याचं होतं, आणि बॅगा भरायचं सोडून रोज सकाळी चहा पिता पिता त्यांचा एकच विषय चालायचा. पोरीला कधी सांगायचं?

पोरगी म्हणजे माझी लेक, अकरा वर्षांची, इथंच जन्मलेली. सांगायचं काय, तर आपण कोण. नागपूरकडच्या एका खेड्यात गावाबाहेरच्या वस्तीत बाबांचं घर होतं. गावच्या विहिरीवर त्यांना पाणी भरू देत नसत. पुढं ते शिकले, सगळ्या वस्तीबरोबर बौद्ध झाले, हेडमास्तर म्हणून रिटायर झाले. हे सगळं नातीला सांगून मगच विमानात बसायचं, असं त्यांनी ठरवलं होतं, आणि मला ते नको होतं. कशाला सांगायचं? शाळेत ती इंडियन आहे, विषय संपला. तिला उगाच कळणार काय, तर कोणीतरी आपल्याला खालचं समजतं. मला तेव्हा हे पटत होतं आणि त्याबद्दल मी आजही कुणाची माफी मागणार नाही. बाबा म्हणायचे, मग मी गेल्यावर तू सांगशील? मी म्हणायचे, बघू. त्या 'बघू'चा अर्थ त्यांना बरोबर कळायचा.

इथल्या मराठी मंडळींनाही मी कधी काही बोलले नव्हते. आमच्या आडनावावरून पत्ता लागत नाही. हॉलमध्ये बुद्धाची मूर्ती होती, पण ती अमेरिकेत सगळेच ठेवतात, गोरे लोक तर बागेत कारंज्याशेजारी ठेवतात. निळ्या कोटातला फोटो तेवढा मी बेडरूममध्ये लावला होता. बाबा आल्या आल्या तो काढून बाहेर लावायला निघाले, त्यावरूनही आमचं वाजलं.

त्यात लेकीच्या शाळेतून सांगितलं, की दुसऱ्या महायुद्धाशी संबंध असलेली एखादी जागा बघून या आणि त्यावर लिहा. आमच्यापासून दोन तासांवर, एका छोट्या गावात असं एक घर होतं. जर्मनीतून जीव वाचवून निघालेलं एक ज्यू कुटुंब युद्धाच्या काळात तिथं येऊन राहिलं, आता त्या घराचं म्युझियम केलंय. नवऱ्यानं ऐन वेळी ऑफिसचं कारण सांगून अंग काढून घेतलं. म्हणजे ड्राइव्ह मीच करायचं, नेटवरून काढलेले रस्त्याचे प्रिंटआउट वाचायचेही मीच. बाबांच्या हातात दिले तर ते प्रत्येक पाटी मोठ्यानं वाचायचे आणि एक्झिट निघून जायची.

आणि काकू. नवऱ्याच्या मित्राची आई, पुण्याहून आलेल्या. मुलगा-सून दिवसभर कामावर, घरात बसून विटलेल्या. मी येऊ का म्हणाल्या, नाही कसं म्हणणार? पोळ्या, बटाट्याची भाजी, चिवडा असं सगळं बांधून आल्या. तशा प्रेमळ. पण गाडी हायवेला लागत नाही तोच त्यांनी मागून विचारलं, "तुमच्यात गौरी उभ्याच्या असतात की खड्यांच्या गं?" शेजारच्या सीटवर बाबा खाकरले. बोलतात की काय आता! मी म्हटलं, आमच्याकडे फारसं काही नसतं हो काकू, आणि एसी वाढवला.

घर साधंच होतं, लाकडी. दाखवायला एक म्हाताऱ्या बाई होत्या, त्याच कुटुंबातली मुलगी. ज्या घरात लहानाच्या मोठ्या झाल्या त्याच घराच्या आता गाइड. बाबांनी त्यांना पहिल्या खोलीपासूनच छळलं. छप्पर कोण दुरुस्त करतं? किल्ली कुणाकडे असते? सगळं मला इंग्लिशमध्ये विचारायला लावायचे आणि उत्तर आलं की मान हलवून पुढचा प्रश्न. मी दोनदा त्यांची बाही ओढली. लेक वहीत भराभर लिहीत होती. काकू प्रत्येक खोलीत "अरेरे" म्हणत होत्या.

मग आम्ही स्वयंपाकघरात आलो. भिंतीवर दोन फळ्या होत्या. एकीवर निळ्या काठाची ताटं आणि कप, दुसरीवर साधी पांढरी भांडी. बाई सांगू लागल्या, की ही आणि ती कधी एकत्र करायची नाहीत. घासायचीसुद्धा वेगळी. लहानपणी त्यांच्या हातून एकदा चुकून ताट दुसऱ्या फळीवर गेलं तर आईनं केवढा आकांत केला होता.

बाबांना बाईंचे उच्चार नीट कळत नव्हते, पण 'सेपरेट' कळलं. ते जागच्या जागी थांबले. "दुसरी भांडी कोणासाठी?" त्यांनी मला विचारलं.

मी म्हटलं, कोणासाठी नाही बाबा, एकात दुधाचं, एकात मटणाचं, त्यांच्या धर्मात तसं असतं.

"आम्हालेही धर्मच सांगत," ते म्हणाले आणि वळून दाराकडे चालायला लागले.

कपाळ माझं. इतक्या लांब आणलं ते याच्यासाठी? मी त्यांच्या मागं, माझ्या मागं लेक, आजोबा मॅड का झाले, असं विचारत. मी गाइडबाईंना कसंबसं विचारलं, की दोन्ही भांड्यांतून घरातलं कोण जेवायचं? त्या म्हणाल्या, सगळेच, पाहुणेसुद्धा. मी ते बाबांना सांगितलं. बाबा उंबऱ्यात उभे राहिले. पुन्हा विचार, म्हणाले. मी पुन्हा विचारलं, पुन्हा तेच उत्तर आलं. तेव्हा कुठं ते परत आत आले. बाईंनी मला विचारलं, हे असं का विचारतायत?

"सांग तिला," बाबा म्हणाले.

काकू फ्रिजला टेकून ऐकत होत्या. लेकीनं पेन्सिल थांबवली होती. मला वाटेल ते सांगता आलं असतं, कुणाला कळणार होतं? बाबांचा इतका राग आला होता, की डोळ्यांत पाणी आलं. पण त्यांच्यासमोर उभं राहून खोटं बोलायला जीभ वळेना. मी सांगितलं. लहानपणी आईबरोबर ते पाटलाकडे लाकडं रचायला जायचे. त्यांचा कप घरात नसायचा, गोठ्याच्या कोनाड्यात असायचा. चहा वरून ओतायचे, हात लागू नये म्हणून. पिऊन झाला की आपणच विसळून पुन्हा तिथं ठेवायचा. आणि हे सांगताना माझा आवाज असा चढला होता, की शेजारच्या खोलीतले लोक दारात येऊन उभे राहिले.

बाईंनी हे कधीचं ते विचारलं. हिशोब केला तर त्या या घरात आल्या तेव्हाचंच. मग त्यांनी टेबलाभोवतीची दोरी सोडली, प्रेक्षकांना बसायला मनाई असलेली एक खुर्ची ओढली आणि बाबांना बसायला सांगितलं. बाबा बसले.

परतताना हायवे लागल्यावर काकू म्हणाल्या, "अगं, आधी सांगायचं नाही का? आम्ही तसलं काही मानत नाही हो." आधी सांगितलं असतं तर काय केलं असतंत, असं माझ्या ओठांवर आलं होतं. म्हणे मानत नाही. मी स्टिअरिंग घट्ट धरलं.

लेक तेव्हापासून खिडकीबाहेर बघत होती. ती काकूंकडे वळली. "आजी, तुमच्या घरी होता का तसा कप?"

मी आरशात पाहिलं. काकूंनी पदर सारखा केला. "होता," त्या म्हणाल्या. "माहेरी. मागच्या दाराबाहेर. मला हात लावू द्यायचे नाहीत."

"कान तुटका?" बाबांनी मागं न वळता विचारलं.

"हो."

"त्यातून कोण प्यायचं?" लेकीनं विचारलं.

"एक बाई यायची गोठा झाडायला," काकू म्हणाल्या. "रोज यायची. नाव नाही गं माहीत मला."