गावंडे सर आणि कॅमकचे बगळे

माझ्या सासऱ्यांना एका जागी बसता येत नाही. पाठ ठणठणीत आहे, गुडघे माझ्यापेक्षा बरे आहेत, पण पायाला भिंगरी आहे. अमरावतीच्या एका शाळेत सारी हयात त्यांनी पी.टी. शिकवली, त्यामुळे बसणं ही शिक्षा असते असं त्यांचं मत झालेलं असावं. असे हे पुरुषोत्तम गावंडे, म्हणजे आमचे अप्पा, मुलाचा संसार बघायला म्हणून २०२०च्या फेब्रुवारीत आयर्लंडमध्ये क्लोनडॉकिनला आमच्याकडे आले, तीन महिन्यांसाठी, आणि अडकले. विमानं बंद झाली. मग इथे लाट, मग तिथे लाट, मग व्हिसाला मुदतवाढ, मग पुन्हा लाट. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झालेली. अमरावतीला त्यांची वाट बघणारी एकटी पूर्वाताई, माझी नणंद. तीही फोनवर म्हणायची, "अप्पा, इकडं येऊ नका सध्या. इकडं काही खरं नाई."

मग अप्पा घरातल्या घरात चालायचे. मागच्या दारापासून पुढच्या दारापर्यंत, आणि परत. मी वरच्या छोट्या खोलीत हेडफोन लावून लोकांच्या पगाराच्या सॉफ्टवेअरच्या तक्रारी ऐकत असायची, आणि माझ्या पाठीमागून दर थोड्या वेळानं एक माणूस हात मागे बांधून जायचा. कॉलवर लोक विचारायचे, "केतकी, हू इज युवर मॅन?" इथल्या भाषेत, हा मागचा बाबा कोण. मी म्हणायची, इन्स्पेक्शन चालू आहे.

माझीही अवस्था वेगळी नव्हती म्हणा. त्या दीड वर्षात मी कोणाची बायको, कोणाची सून आणि कोणाची सपोर्ट एक्झिक्युटिव्ह होते, पण नुसती केतकी कुठेच नव्हते. म्हणून २०२१च्या जूनमध्ये सामने सुरू झाले तेव्हा मी कॉर्का पार्कातल्या बेसबॉलच्या मैदानावर जाऊन सरळ विचारलं, घेता का? शाळेत असताना पुण्याला सॉफ्टबॉल खेळले होते, तेवढंच भांडवल. मैदानाजवळून कॅमक नावाची लहानशी नदी जाते, तिच्यावरून आमच्या क्लबचं नाव कॅमक हेरन्स. आमचा दुसरा संघ हौशी आणि मिश्र, त्यात बाया, बाप्ये, आजोबा, कोणीही चालतं. कॅप्टन डेक्लन, धंद्यानं इलेक्ट्रिशियन, मला म्हणाला, "ग्रँड, सेकंड बेसवर उभी राहा." राहिले. चेंडू आला, उचलला, फेकला. त्या रविवारी मी घरी आले ती गुणगुणत आले, एवढंच सांगते.

पुढच्या रविवारी अप्पा म्हणाले, "मीबी येतो. पाहतो जरासं." तिथेच माझं चुकलं.

कारण अप्पा नुसते पी.टी.चे सर नव्हते. सॉफ्टबॉलच्या जिल्हा निवड समितीवर ते वर्षानुवर्षं होते. संघ निवडायचा म्हटलं की त्यांच्या अंगात येतं. पहिल्याच सामन्यात जाळीच्या कुंपणामागे त्यांच्या फेऱ्या सुरू झाल्या आणि तोंडही सुटलं. नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, म्हणून त्यांनी स्वतःची नावं ठेवली. आमचा संघ म्हणजे बगळे, हेरन्सचं सरळ मराठी. कॅचर गुडघेवाला, कारण तो बसला की उठताना कण्हायचा. तिसऱ्या बेसवरचा टपालवाला, कारण तो खरोखरच पोस्टमन होता.

"त्या टपालवाल्याले थर्डवर काहून ठेवलं बाप्पा? हात पाह्य त्याचा! चेंडू फर्स्टले पोचेपर्यंत रनर घरी जाऊन चहा पिऊन येते. त्याले मागं मैदानात टाका, दिवसभर सायकल चालवते, धावल तरी!"

डेक्लननं मला विचारलं, काय म्हणताहेत? मी थोडं सौम्य करून सांगितलं. तो हसला. पण पुढच्या सामन्यात टपालवाला खरंच मागे गेला, आणि त्यानं धावत जाऊन असा काही झेल घेतला की स्वतःच चेंडूकडे बघत उभा राहिला. झालं. त्या दिवसापासून अप्पा तिथले 'सर' झाले. डेक्लन सामन्याआधी कुंपणापाशी यायचा, अप्पा त्यांच्या पी.टी.च्या इंग्रजीत आणि हातवाऱ्यांनी सांगायचे, आणि त्या दोघांचं अगदी छान जमायचं. पूर्वाताईला ते व्हिडिओ कॉल लावायचे आणि फोन जाळीला चिकटवून धरायचे. इथली दुपार ती तिथली संध्याकाळ. ती बिचारी तिकडे भाजी निवडत बगळे बघायची.

अप्पांना यूट्यूबवर कळलं की अमेरिकेतले मोठे संघ जुलैअखेरपर्यंत खेळाडूंची अदलाबदल करतात. आमच्या लीगमध्येही दोन क्लब राजीखुशीनं खेळाडू बदलू शकतात, हे डेक्लननं सांगितलं तेव्हा तर त्यांची झोपच उडाली. सकाळी मी चहा ठेवत असायची आणि मागून सुरू व्हायचं. "गुडघेवाल्याले फर्स्टवर आणा, तिथं उभंच राहाचं असते. त्या लाल टोपीवाल्यायचा डावखुरा पिचर मागून घ्या. बदल्यात आपले दोन द्या, दोघंबी जागा अडवून राहिले." संकेत, म्हणजे माझा नवरा, म्हणायचा, "अप्पा, ते हौशी लोक आहेत, ते खेळून पबमध्ये जातात." अप्पा त्याच्याकडे असं बघायचे की ह्याला आपण कधीच कुठल्या संघात घेतलं नसतं.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात यायला उशीर झाला. सगळ्या संघाबद्दल त्यांचं मत होतं. मैदानावर लोळणाऱ्या डेक्लनच्या कुत्र्याबद्दलसुद्धा होतं. माझ्याबद्दल एक अक्षर नव्हतं.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी डेक्लनचा फोन आला. नेहमीचा मोकळा माणूस, पण त्या दिवशी शब्द चावत होता. पुढच्या रविवारी ज्यांच्याशी सामना होता, त्या मीथमधल्या क्लबात ओशीन नावाचा एक पोरगा होता. सेकंड बेसवर खेळायचा आणि चांगला लांब मारायचा. तो आमच्याकडे यायला तयार होता, त्यांना बदल्यात सेकंड बेसला कोणीतरी हवं होतं. "सर म्हणतात, तुला द्यावं," डेक्लन म्हणाला. "मला वाटलं, घरात बोलणं झालं असेल."

तळपायाची आग मस्तकात गेली. त्या क्लबाचं मैदान आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर. मला गाडी चालवता येत नाही, संकेत दर रविवारी मला तिकडे नेणार नाही, हे अप्पांना पक्कं माहीत. म्हणजे माझं खेळणंच बंद. आणि हे कोणी केलं, तर माझ्याच घरात, माझ्याच हातच्या पोळ्या खाणाऱ्या माणसानं!

मी खाली गेले. अप्पा फेऱ्या मारत होते.

"मी वाईट खेळते का, अप्पा?"

"तसं नाई बोललो मी."

"मग मला देऊन का टाकलंत?"

"तू आमची सून हाय. डेक्लन माझं ऐकून राहिला. उद्या लोक म्हणतीन, गावंड्यानं घरचं माणूस घुसवलं."

"कोण लोक? इथे आपल्याला ओळखणारं कोण आहे? आणि तुम्हाला सिलेक्टर केलं कोणी?"

इथे एक जुनी गोष्ट सांगायला हवी. आमच्या सासरी ती प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात सांगितली जाते. पूर्वाताई जिल्ह्यातली सगळ्यात चांगली कॅचर होती. राज्याच्या संघासाठी निवड होती आणि समितीवर अप्पा होते. त्यांनी तिला घेतलं नाही. बापानं पोरगी घेतली असं कोणी म्हणू नये म्हणून. तिच्या जागी जी मुलगी गेली, ती पुढे राष्ट्रीय खेळली, खेळाडूंच्या कोट्यातून पोलिसात लागली, आज अकोल्याकडे कुठेतरी फौजदार आहे आणि दर गुरुपौर्णिमेला सरांना न चुकता मेसेज पाठवते. पूर्वाताई अजून एका शाळेत तासिका तत्त्वावर शिकवते. "असे आमचे सर!" असं म्हणून लोक गोष्ट संपवतात. पूर्वाताई तिथे असलीच तर ती त्या वेळी चहाचे कप गोळा करायला लागते.

मी रागात होते आणि मला तो राग आवरायचा नव्हता. मी म्हटलं, "पूर्वाताईला कधी विचारलंत, तिला कसं वाटलं ते?"

संकेतनं घाईघाईनं प्रेसचं दार उघडलं, इथे कपाटाला प्रेस म्हणतात, आणि चहापत्तीचा डबा शोधायच्या निमित्तानं तो त्यात डोकं घालून उभा राहिला. डबा त्याच्या समोर होता. अप्पा फेरी अर्धवट सोडून फ्रिजपाशी थांबले. मग जिना चढून वर गेले.

त्यानंतर अप्पांच्या फेऱ्या वाढल्या. शनिवारी गुरुपौर्णिमा होती, फौजदारबाईंचा मेसेज आला. एरवी ते तो सगळ्यांना वाचून दाखवतात. त्या दिवशी त्यांनी फोन टेबलावर पालथा घातला.

मी डेक्लनला कळवलं होतं, मी जाईन, पण एका अटीवर. सरांना माझ्यासमोर विचार. रविवारी सामन्याआधी विचार, आणि नात्याचं नाही, खेळाचं विचार.

रविवारी मैदानावर ऊन होतं, आयर्लंडच्या मानानं चांगलं कडक. दोन्ही कॅप्टन कुंपणापाशी आले. ओशीन आपली बॅग घेऊन उभा होता, पोरगा गोड होता, त्याच्यावर रागावताही येईना. अप्पांनी नेहमीप्रमाणे पूर्वाताईला फोन लावलेला, स्पीकरवर. डेक्लन म्हणाला, "सर, केतकी म्हणते तुम्हीच सांगा. सेकंड बेसवर ह्या दोघांत कोण?"

मी ग्लोव्ह काखेत मारला. अप्पा इकडून तिकडे गेले, तिकडून इकडे आले. कोणी घाई केली नाही.

"ओशीन," ते म्हणाले. "ओशीन हिट्स लाँग. व्हेरी लाँग. बट फीट आर स्लो." मग ते माझ्याकडे न बघता बोलायला लागले आणि थांबेचनात. ही चेंडू यायच्या आधी जागा बदलते. हिची नजर रनरवर असते. चुकली तर पुढच्या चेंडूला तोंड पाडत नाही. एवढं सगळं त्यांनी बघितलं होतं आणि पोटात ठेवलं होतं. डेक्लन अर्धं इंग्रजीतून आणि अर्धं त्यांच्या हातांवरून समजून घेत मान हलवत होता.

"केतकी," अप्पा शेवटी म्हणाले. "माय डॉटर-इन-लॉ. माय ओन हाऊस. टेक हर. डोन्ट गिव्ह."

टपालवाल्यानं टाळी वाजवली. मीथवाल्या कॅप्टननं खांदे उडवले, ओशीननं बॅग परत खांद्याला लावली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि मला ते पुसायचं सुचत नव्हतं.

तेवढ्यात फोनमधून पूर्वाताईचा आवाज आला. ती अगदी हळू, नेहमीच्या आवाजात बोलली.

"म्हणजे घेता येते, अप्पा."

अप्पांनी फोनकडे बघितलं. डेक्लननं मला विचारलं, काय म्हणाली? मी म्हटलं, काही नाही, शुभेच्छा देतेय. अप्पांनी स्पीकर बंद केला, फोन कानाला लावला आणि ते कुंपण सोडून नदीच्या बाजूच्या पायवाटेकडे चालायला लागले.

सामना सुरू झाला. मी सेकंड बेसवर उभी होते. मधून मधून मान वळवून बघत होते, अप्पा झाडांच्या कडेनं जायचे, परत यायचे, फोन कानाला तसाच. एकदा ते अगदी जवळून गेले. ते काही बोलत नव्हते, पलीकडची बोलत होती.

संपल्यावर संकेत गाडी घेऊन आला. मी मागे बसले, अप्पा पुढे. डोळे लाल होते त्यांचे. संकेतनं आरशातून माझ्याकडे बघितलं आणि मग त्यांना विचारलं, "काय अप्पा, जिंकले का तुमचे बगळे?"

"मले काय माहीत," अप्पा म्हणाले. "मॅच पाह्यलीच नाई मी."