हेमंतशेठचा 'उद्या'

हेमंतशेठनी माझी मुलाखत येरझारा घालत घेतली. माझं उत्तर पुरं व्हायच्या आत पुढचा प्रश्न. शेवटी म्हणाले, "उद्यापासून ये. नको, आजच थांब. काम हाय!"

शेठ नवी मुंबईतल्या सारसोळे गावचे. महाप्याच्या कारखान्यात आम्ही होड्यांवर मासळी ठेवायच्या बर्फाच्या पेट्या बनवायचो. पेटीचा नमुना त्यांचा स्वतःचा, डोकं भन्नाट. भरात आले की झोप विसरायचे, जेवता जेवता उठून भिंतीवर खडूने नवी पेटी काढायचे. आम्हीही त्यांच्यामागे धावायचो. मग एके दिवशी ते यायचेच नाहीत. आठवडेच्या आठवडे फोन बंद. त्यांची बायको, जयूवहिनी, सांगायची, "शेठला ताप हाय."

एका उन्हाळ्यात त्यांनी गुजरातच्या एका व्यापाऱ्याला झेपणार नाही एवढ्या मालाचा शब्द दिला. जुने फोरमन दामूदादा म्हणाले, "शेठ, एवढ्या पेट्या नाय होनार." शेठनी सगळ्यांसमोर त्यांना कामावरून काढलं. पुढच्याच आठवड्यात स्वतः अंथरुणाला खिळले. माल अर्धाच झालेला, व्यापारी दारात. त्या दिवशी वहिनीने तापाचं नाव काढलं नाही. म्हणाली, "त्यांना मनाचा आजार हाय. औषध चालू केलंय. अर्धा माल तयार हाय, बाकीचा नाय जमनार." व्यापाऱ्याने तयार पेट्या मोजल्या. मग अर्धा माल घेऊन गेला.

शेठ परतले ते मंदावलेले. आधी दिवाळे गावात दामूदादांच्या घरी जाऊन माफी मागितली. दादा म्हणाले, "येतो. पन तुमी पेटलात की मी सांगनार, आन् तुमी ऐकायचं."

शेठनी मान्य केलं. औषधाशी मात्र भांडण चालूच. "डोकं थंड पडलंय गं," मला म्हणायचे. "नवीन काय सुचतच नाय. असला शेठ काय कामाचा?"

एका दुपारी मोठ्या ऑर्डरचा फोन आला. शेठचा आवाज चढत गेला, शब्द एकमेकांवर आदळायला लागले. दामूदादांनी यंत्र बंद केलं आणि नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. आम्हा सगळ्यांचे हात थांबले.

शेठ फोन कानाला लावून तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "उद्या सांगतो."

त्यांनी फोन ठेवला. आमच्याकडे न बघताच विचारलं, "दोन रात्री डोळ्याला डोळा नाय लागला. डॉक्टरकडे माज्यासोबत कोन येतं?"

दामूदादा आधीच चपला घालत होते.