मागे म्हणजे किती मागे

स्वतःच्या शर्टाची बटणं ज्याला कधी सरळ लावता आली नाहीत, त्या माणसानं दोनशे लोकांच्या बोटांना वळण लावलं होतं. सगळे त्याला खटपट्या म्हणत. दिवसा तो कचेऱ्यांतले रुसलेले प्रिंटर दुरुस्त करी आणि उरल्या वेळात स्वतः बनवलेला एक ब्राउझर सांभाळी; कुठकुठले दोनशे लोक तो वापरत. त्यात चित्रं नाहीत, रंग नाहीत, नुसती अक्षरं. बायको म्हणे, "अगदी तुमच्यावर गेलाय. कोरडा, पण कामाचा."

थोरल्या बहिणीची नजर गेली, तेव्हा या कोरड्या वस्तूचं मोल घराला कळलं. ताई ग्रंथालयात फोनवर बसे. वाचक पुस्तक सांगत, ती कपाटाचा क्रमांक सांगे. आता तिला माउसचा बाण दिसेना. कानातलं यंत्र पडद्यावरची अक्षरं वाचून दाखवी, तेवढाच आधार. ग्रंथपालबाईंनी महिन्याची मुदत दिली होती: चाचणीत जमलं तर फोन ताईकडेच, नाही तर तळघरात जुन्या अंकांचे गठ्ठे बांधायचे. आणि ताई तर चुकून लागलेल्या नंबरशीही दहा मिनिटं बोलणारी.

खटपट्यानं ताईला त्याच ब्राउझरच्या कीबोर्डच्या आज्ञा शिकवल्या. प म्हणजे पुढची लिंक, श म्हणजे पुढचं शीर्षक, म म्हणजे मागे. पहिल्याच सरावात ताई यादीतल्या हव्या त्या पुस्तकाच्या एक लिंक पुढे गेली, तिनं म दाबला आणि आख्खी यादी नाहीशी झाली.

"माझी यादी कुठे गेली रे?"

"तू मागे गेलीस ना. मागे म्हणजे आधीच्या पानावर."

"रांगेत तुला कुणी मागे हो म्हटलं, तर तू एक पाऊल सरकतोस की घरी निघून जातोस?"

आतल्या खोलीत बायको खुदकन हसली. पण खटपट्या हटेना. दोनशे लोकांना तशीच सवय होती.

"बरं बाबा, तुझे दोनशे सुखात राहोत," म्हणत ताईनं तेच शिकायला घेतलं. तीन आठवडे ती टेबलाच्या कडेवर, खुर्चीच्या हातावर, एकदा तर वहिनीच्या पाठीवर बोटं घोटत होती. म म्हणजे आख्खं पान. शेवटी बोटं यंत्राचा आवाज संपायची वाटही पाहीनाशी झाली.

तिचं ते घोटणं बघून खटपट्याला पाझर फुटला. कधी, तर चाचणीच्या सकाळी. ग्रंथालयाच्या संगणकावर त्यानं नवा बदल चढवला: म म्हणजे आता एकच लिंक मागे. दोनशे अनोळखी लोकांना बदलाचं रीतसर पत्र गेलं. ताईला सांगितलं नाही. तेवढीच तिला गंमत.

बाई घड्याळ घेऊन शेजारी बसल्या. पहिल्या वाचकाला मधमाश्यांवरचं पुस्तक हवं होतं, ते ताईनं झटक्यात काढलं. दुसऱ्याला पशुवैद्यकाचं हवं होतं. शोधाच्या पानावर परतायला तिनं म दाबला आणि न थांबता 'पशुवैद्यक' लिहायला घेतलं. पण ती मधमाश्यांच्या यादीतच होती. तिथे अक्षर म्हणजे आज्ञा. प-नं तिला एक लिंक पुढे नेलं, श-नं एक शीर्षक पुढे. कानात कुठलीशी राणीमाशी आली. ताईनं पुन्हा म दाबला, पुन्हा दाबला, आणि दर वेळी ती एकच पाऊल मागे आली.

"हॅलो? आहात ना?" वाचक विचारत होता. चौथ्या मिनिटाला त्यानं फोन ठेवला.

खटपट्या बाहेर बाकावर हसऱ्या चेहऱ्यानं बसला होता. ताई भिंतीला हात लावत आली.

"कधी बदललंस?"

"सकाळी. तुझ्यासाठीच."

"त्या दोनशे जणांना कळवलंस?"

"हो. पत्र पाठवलं."

"मलाही एक टाकायचं होतंस."

त्यानं आत जाऊन सगळी चूक आपली असल्याचं सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं. "तुमचीच आहे. पण वाचकाला मी काय सांगू, भाऊ हौशी आहे म्हणून? तीन महिन्यांनी पुन्हा बघू."

त्याच आठवड्यात अकरा अनोळखी लोकांनी नव्या म-बद्दल त्याचे आभार मानले. त्यानं एकालाही उत्तर दिलं नाही. ताईपुरता जुना म त्यानं परत बसवला, या वेळी तिला शेजारी बसवून, विचारून.

ताई आता तळघरात गठ्ठे बांधते. वरच्या फोनची घंटा तिथे ऐकू येते. तिसऱ्या घंटेपर्यंत कुणी उचलला नाही, की सुतळी धरलेले तिचे हात थांबतात.