उन्हाळ्यात टिकलेला दाशिमा

नोह्वा बेटावर मिरानला सगळे डॉक्टरीणबाई म्हणत. तिनं डॉक्टरेट मिळवली होती ती दाशिमावर, समुद्रातल्या त्या लांब, तपकिरी पानांच्या शेवाळावर. संशोधन केंद्राच्या थंड खोलीत, लाल दिव्याखाली तिच्या काचेच्या बाटल्या मांडलेल्या असत. आत दाशिमाच्याच नर-मादी धाग्यांची धुरकट लव तरंगे. लाल उजेडात ती नुसती वाढत राहते. पांढरा उजेड दिसला की मग तिला संसार सुचतो. "तुला कुणी पांढरा दिवा दाखवलाच नाही," आई चिडवायची. मिरानलाही हसू यायचं. लग्न राहून गेलं याची तिला रुखरुख नव्हती.

तिला हवा होता उन्हाळ्याचं कोमट पाणी सोसणारा दाशिमा. तिथला उन्हाळा जुलै-ऑगस्टातला; दरवर्षी जुलै सरता सरता बेटाभोवतीचा दाशिमा सडून गळतो आणि पिंजऱ्यांतले जनबोक, त्या महागामोलाच्या कवचवाल्या गोगलगाई, उपाशी राहतात. कितीतरी वाण असेच गळाले होते. यंदा मात्र जनबोक पाळणाऱ्या मालसुनताईच्या समुद्रातल्या शेतातली, नव्या वाणाची एक दोरी ऑगस्ट संपला तरी तग धरून होती. पानांवर बीजाचे काळसर डागही उमटू लागले होते. त्या डागांतूनच पुढचं रोप निघणार होतं. बाटल्यांत या पानांचे आईबाप होते, पण ऑगस्ट सोसलेली लेकरं फक्त त्या दोरीवर होती.

त्या सकाळी मिरान होडीनं पोचली, तर दोरी बोडकी.

"ताई! पानं कुठायत?"

मालसुनताई आपल्या होडीत हातमोजे पिळत होती. "कापली. पिंजऱ्यात टाकली."

"सगळी?"

"मग? टिकतो का ते बघायचं होतं ना तुला? टिकला. पास झाला! माझी जनावरं महिनाभर उपाशी, आणि तुझा दाशिमा नुसता डोलत बसलेला."

मिरान होडीच्या काठावर बसली. रागवायचं कुणावर? दोरी टिकते का ते बघायचंय, हे तिनं दहादा बजावलं होतं. टिकल्यावर पानांवरचे डाग आपल्याला हवे असतील, हे सांगायचंच राहून गेलं होतं. आणि सगळा समुद्र ओसाड असताना एवढंच हिरवं-तपकिरी उरलं, तर ते भुकेल्यांच्या तोंडी जाणारच.

"अगं, रडतेस की काय?" ताईचा आवाज उतरला.

"ताई, कधी टाकलीत?"

"आत्ताच. उजाडल्यावर."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. जनबोक खातात ते अंधार पडल्यावर.

"मेले झोपलेत की अजून!" म्हणत ताई उठली आणि तिनं होडीवरचं पिंजरे ओढायचं यंत्र सुरू केलं. पहिला पिंजरा पाणी गाळत वर आला. जनबोक तळाशी, आडोशाच्या पाट्यांना घट्ट चिकटलेले. वर पानं पसरलेली, तशीच. दोनचारांच्या कडा तेवढ्या कुरतडलेल्या.

"हे कोण जागं होतं?" मिरान म्हणाली.

"असतात एकेक हावरट. माझा नवराही असाच."

मिराननं सुरीनं डाग तेवढे कापून घेतले आणि बाकी पान परत पिंजऱ्यात टाकलं. एकेक पिंजरा वर येत गेला.

"मधला गाभा तुला आणि चिंध्या माझ्या लेकरांना," ताई कुरकुरली. पण पुढच्या पिंजऱ्यापासून तीच बोटानं डाग दाखवू लागली.

डाग पिकलेत की नाहीत, हे मात्र अजून कळायचं होतं. मिराननं ते पुसून रात्रभर थंड सावलीत ठेवले. सकाळी पहिल्याच होडीनं ताई केंद्रावर हजर. "बघायला आलेय. माझा पण वाटा आहे त्यात."

डाग गार समुद्रपाण्यात सोडले. थोड्या वेळानं पाणी किंचित गढूळलं. मिराननं एक थेंब काचेवर घेतला, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि बाजूला सरकली.

ताई वाकली. "अगं बाई! बीजं पोहतायत!"

"हं."

"एवढुशी? आणि यांनी माझ्या जनबोकांची पोटं भरायची?"

"आधी दोरीला चिकटू देत त्यांना."

"चिकटतील. धावपळ तर बघ त्यांची."

ताईनं सूक्ष्मदर्शकावरचा डोळा काढलाच नाही. मिरानला पुन्हा एकदा बघायचं होतं. ती शेजारी उभी राहिली, हात पुसत, आपली पाळी यायची वाट बघत. घाई कसलीच नव्हती.