रीलवाल्या मॅडम

आम्रपाली मॅडमचं इंग्रजी एकदम खणखणीत. खडकीच्या क्वार्टर्समध्ये वाढून, एम.ए. करून त्या बुधवार पेठेतल्या क्लासमध्ये शिकवायला लागल्या. एक स्वल्पविराम चुकला, तरी अख्खा निबंध परत लिहायला लावायच्या! पोरं जाम टरकून असायची.

मग क्लासचे मालक रंगनाथ सर म्हणाले, "मॅडम, व्याकरण कोण बघतंय? रील करा." घरी आजारी वडील, दुसरी नोकरी कुठे ठेवलीय? करतात काय बिचाऱ्या! सरांनी लिहून दिलेलं 'ब्रो', 'नो कॅप', 'स्ले' असलं इंटरनेटवरच्या पोरांच्या बोलीतलं काहीबाही कॅमेऱ्यासमोर हसत हसत म्हणाल्या. "असं इंग्रजी लिहा, समोरचा गारच," हेही म्हणाल्या. रील तुफान चाललं. क्लासला गर्दी झाली, आणि सरांना दर आठवड्याला नवं रील हवं झालं.

परवा त्यांची लाडकी निकिता आईला घेऊन आली. डोळे रडून लाल. नर्सिंग कॉलेजच्या प्रवेशाच्या निबंधात पोरीनं लिहिलं होतं, 'नर्सिंग इज माय वाइब, नो कॅप.' कॉलेजनं नापास केलं. आता पुढच्या आठवड्यात शेवटची संधी.

"अहो मॅडम, ही म्हणते तुम्हीच असं शिकवलंत," तिची आई कुसुमताई म्हणाल्या.

मॅडमना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "चुकलं माझं. रोज बसवून घेते तिला," त्या म्हणाल्या.

"मिस, मग ते रील काढून टाका ना," निकिता म्हणाली. "बाकीचेही तसंच लिहितायत."

मॅडम तडक सरांच्या केबिनमध्ये गेल्या. सरांनी मोबाइलमधून मान वर केली नाही. "काढा की. दारावरच्या पाटीवरून तुमचं नावही काढू. एका फटक्यात दोन्ही कामं होतील."

मॅडम परत आल्या. निकिताला वर्गात बसवलं, निबंधाचं पहिलं वाक्य शुद्ध लिहून दिलं. पोरगी मान खाली घालून लिहायला लागली. तेवढ्यात शेजारच्या खोलीतून सर ओरडले, "मॅडम, रीलचे लाइट लागलेत, या!"

त्या गेल्या. न जाऊन करणार काय? डोळे पुसले, ओढणी सारखी केली आणि कॅमेऱ्याकडे बघून हसल्या.

"हाय ब्रोज!"

मधल्या काचेपलीकडे निकितानं मान वर केली आणि पेन खाली ठेवलं. मॅडमना ते स्पष्ट दिसलं. तरीही त्यांनी पुढचं वाक्य म्हटलं.